पाहिलेला चंद्र, जपलेला चंद्र

२० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला आणि ते दृश्य जगाने घरबसल्या पाहिले, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की त्यातील विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अपोलो ११ मोहिमेतील ‘ईगल’ हे यान चंद्रपृष्ठाला टेकले त्या क्षणी त्या अवतरणाचे कोणतेही थेट चित्र पृथ्वीवर येत नव्हते. दूरचित्रवाणी कंपन्या स्टुडिओतील प्रतिकृती आणि अ‍ॅनिमेशन दाखवून वेळ निभावत होत्या, आणि पडद्यावरच्या त्या सगळ्या खटाटोपात ह्यूस्टन येथील नियंत्रण कक्ष व अंतराळवीर यांच्यातील संभाषण तेवढे खरे होते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा यानाच्या बाहेरील अंगाला एका कप्प्यात ठेवलेला होता आणि नील आर्मस्ट्राँग शिडीवरून उतरू लागले तेव्हा, म्हणजे अवतरणानंतर सुमारे साडेसहा तासांनी, तो कप्पा उघडला गेला. अवतरणाचे चलच्चित्र मात्र यानाच्या खिडकीत बसवलेल्या १६ मिलिमीटरच्या एका छोट्या कॅमेऱ्याने फिल्मवर टिपले होते, आणि ती फिल्म अंतराळवीरांसोबत २४ जुलैला पृथ्वीवर परतून प्रयोगशाळेत धुतली गेल्यानंतरच ते दृश्य मानवजातीला दिसू शकले.

चांद्रमोहिमांचे थेट प्रक्षेपण आणि चांद्रमोहिमांवरील माहितीपट या दोन गोष्टी एकाच घटनेच्या असल्या तरी त्यांचे कार्य वेगळे आहे. थेट प्रक्षेपणाने घटनेला प्रेक्षक मिळवून दिले, पण ते प्रेक्षक काही महिन्यांत पांगले. चंद्रावरच्या माणसाची जी प्रतिमा आज सर्वांच्या मनात स्थिर झालेली आहे ती नंतरच्या पन्नास वर्षांत माहितीपटकारांनी संग्रहांतील फिल्म, ध्वनिफिती आणि मुलाखती यांतून घडवली. म्हणून अंतराळ संशोधनाविषयीच्या लोकांच्या उत्सुकतेचा इतिहास लिहायचा झाल्यास कोणी काय पाहिले याबरोबरच कोणी काय जपून ठेवले, हेही तपासावे लागते.

थेट चित्राची घडण

वेस्टिंगहाउस कंपनीने अपोलो ११ साठी तयार केलेला कॅमेरा सर्वसाधारण दूरचित्रवाणी कॅमेऱ्यासारखा नव्हता. चांद्रयानातून पृथ्वीकडे येणाऱ्या रेडिओ संदेशाचा बराचसा वाटा अंतराळवीरांचा आवाज, त्यांच्या हृदयाचे ठोके आणि यंत्रांची मोजमापे यांनी व्यापलेला असल्याने चित्रासाठी फार थोडी जागा उरत होती, आणि म्हणून हा कॅमेरा दर सेकंदाला केवळ १० चित्रे आणि प्रत्येक चित्रात ३२० रेषा एवढीच माहिती पाठवत असे. या पद्धतीला ‘स्लो-स्कॅन’, म्हणजे चित्राची मंदगतीने रेषावार उकल करणारी पद्धत, असे म्हणतात. अमेरिकेतील घरगुती संचांना दर सेकंदाला ३० चित्रे आणि ५२५ रेषा लागत असल्याने भूकेंद्रांवर आलेले मूळ चित्र एका पडद्यावर उमटवून त्यापुढे दुसरा कॅमेरा लावला गेला आणि त्या दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र जगभर गेले. चंद्रावरील आकृत्या धूसर आणि पारदर्शक छायांसारख्या दिसल्या, त्याला हे दुहेरी चित्रण बऱ्याच अंशी कारणीभूत होते.

चित्र घेण्याचे काम कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन आणि ऑस्ट्रेलियातील हनीसकल क्रीक व पार्क्स या केंद्रांनी केले. पहिले पाऊल हनीसकल क्रीकच्या अँटेनाने टिपले आणि पुढील बहुतांश प्रक्षेपण पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून आले. या केंद्रांवर मूळ स्लो-स्कॅन चित्र चुंबकीय फितींवरही साठवले जात होते आणि ते घरोघरी पोहोचलेल्या चित्रापेक्षा पुष्कळ स्पष्ट होते. पुढे फितींचा तुटवडा पडला तेव्हा जुन्या फिती पुसून पुन्हा वापरण्याचा निर्णय झाला, आणि त्या पुसलेल्या फितींमध्ये अपोलो ११ च्या फितीही गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने दीर्घ शोधानंतर २००९ मध्ये जाहीर केला. जगभरच्या प्रचंड प्रेक्षकवर्गाने पाहिलेल्या चित्राची मूळ प्रत अशा रीतीने एका नित्याच्या कार्यालयीन काटकसरीत नाहीशी झाली, आणि प्रसारण कंपन्यांकडे उरलेल्या दुय्यम प्रतींवरूनच त्याचे पुनरुज्जीवन करावे लागले.

तरीही अमेरिकी मोहिमांचे दृश्यधन विपुल प्रमाणात टिकले, याचे मूळ कायद्यात आहे. १९५८ च्या ज्या कायद्याने नासाची स्थापना झाली त्यातच आपल्या कार्याची माहिती शक्य तितक्या व्यापक प्रमाणात पसरवण्याचे कर्तव्य त्या संस्थेवर सोपवलेले होते, आणि अमेरिकी शासनाच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या चित्रणावर त्या देशात स्वामित्वहक्क नसल्याने ते कोणालाही वापरता येते. सोव्हिएत संघाची रीत याच्या उलट होती. तेथे मोहिमा यशस्वी झाल्यावर जाहीर होत आणि माणसाला चंद्रावर नेण्यासाठी बांधलेल्या एन-१ या महाकाय अग्निबाणाचे अस्तित्व १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अधिकृतपणे मान्य केले गेले नव्हते. फेब्रुवारी १९६६ मध्ये लुना ९ हे यान चंद्रावर अलगद उतरले तेव्हा त्याने पाठवलेली चित्रे ब्रिटनमधील जॉड्रेल बँक वेधशाळेने परस्पर पकडली आणि एका ब्रिटिश वृत्तपत्राने ती मॉस्कोच्या आधी छापून टाकली.

उत्सुकतेची ओहोटी

अपोलोच्या काळात संपूर्ण अमेरिका चंद्राच्या ध्यासाने भारावलेली होती, ही समजूत त्या काळातील जनमत चाचण्यांपुढे टिकत नाही. इतिहासकार रॉजर लॉनियस यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की १९६० च्या दशकात बहुसंख्य अमेरिकी नागरिकांना अपोलोवरील खर्च योग्य वाटत नव्हता, आणि अपोलो ११ च्या अवतरणाच्या सुमारास झालेली चाचणी हाच काय तो त्याला अपवाद होता. अपोलोचा एकूण खर्च सुमारे २५ अब्ज डॉलर झाला आणि कामाच्या ऐन भरात जवळजवळ चार लाख माणसे त्यात गुंतलेली होती. नासाच्या वाट्याला येणारा केंद्रीय अर्थसंकल्पाचा हिस्सा १९६६ मध्ये चार टक्क्यांहून थोडा अधिक होता. त्यानंतर तो उतरत गेला, म्हणजे माणूस चंद्रावर पोहोचण्यापूर्वीच चंद्राचा निधी आटू लागला होता.

विरोधाचा आवाजही तितकाच स्पष्ट होता. अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी नागरी हक्क चळवळीतील नेते राल्फ अ‍ॅबरनथी खेचरांच्या गाड्या आणि गरीब कुटुंबे घेऊन केनेडी अंतराळ केंद्रापाशी आले, आणि नासाचे तत्कालीन प्रमुख थॉमस पेन यांना त्यांना सामोरे जाऊन बोलावे लागले. चांद्रमोहिमेशी थेट संबंध नसलेल्या ‘समर ऑफ सोल’ या २०२१ च्या माहितीपटात या विरोधाचे फार बोलके चित्रण आढळते. न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत १९६९ च्या उन्हाळ्यात झालेल्या संगीत महोत्सवाचे हे चित्रण सुमारे ५० वर्षे पडून होते आणि अवतरणाच्या दिवशी जमलेल्या श्रोत्यांना चंद्राविषयी विचारले असता तो पैसा हार्लेममधील उपाशी माणसांवर खर्च व्हायला हवा होता, असे त्यांपैकी अनेकांनी सांगितलेले त्यात दिसते. हे चित्रण प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला अर्धे शतक लागले, यावरून सार्वत्रिक उत्साहाची कथा कोणत्या निवडीतून तयार झाली असेल याची कल्पना येते.

पुढील मोहिमांत ही ओहोटी अधिकच जाणवू लागली. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ चा रंगीत कॅमेरा चंद्रावर हलवताना सूर्याकडे वळला आणि त्याची चित्रनळी निकामी होऊन प्रक्षेपण थांबले. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या अंतराळवीरांनी स्फोटाच्या काही वेळ आधी यानातून केलेले प्रक्षेपण अमेरिकेतील प्रमुख वाहिन्यांनी थेट दाखवलेच नाही. संकट ओढवल्यावर मात्र सारे जग पुन्हा पडद्यासमोर येऊन बसले. डिसेंबर १९७२ मधील अपोलो १७ च्या वेळी चंद्रावरून यान उडतानाचे दृश्य ह्यूस्टनमधून एड फेंडेल यांनी दूरनियंत्रित कॅमेऱ्याने टिपले, आणि संदेश पोहोचायला लागणारा वेळ हिशेबात धरून त्यांनी कॅमेरा उड्डाणाच्या आधीच वर वळवण्याची आज्ञा दिली होती. तंत्राने पूर्णत्व गाठले त्या वेळी कार्यक्रम संपत होता, कारण अपोलो १८, १९ आणि २० या मोहिमा त्यापूर्वीच रद्द झालेल्या होत्या.

या ओहोटीचा फटका माहितीपटालाही बसला. नासाच्या पुढाकाराने थिओ कामेकी यांनी दिग्दर्शित केलेला ‘मूनवॉक वन’ हा चित्रपट स्टोनहेंजच्या प्राचीन शिळांपासून सुरू होतो आणि उड्डाण पाहायला जमलेल्या गर्दीकडे, अंतराळपोशाख शिवणाऱ्या हातांकडे आणि त्याच काळातील जगाच्या अस्वस्थतेकडे वळतो. चित्रपट पूर्ण झाला तोवर लोक चंद्राला कंटाळले होते आणि वितरकांना तो नको होता. कामेकी यांनी स्वतः सांभाळून ठेवलेल्या ३५ मिलिमीटरच्या प्रतीवरून तो २००९ मध्ये पुन्हा प्रकाशात आला.

एकत्र केलेला प्रवास

अपोलोच्या स्मृतीला कलाकृतीचे रूप देणारा पहिला मोठा माहितीपट १९८९ चा ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ होय. त्याचे दिग्दर्शक अ‍ॅल रेनर्ट हे टेक्ससमधील पत्रकार होते. अंतराळवीरांनी चित्रित केलेली मूळ फिल्म ह्यूस्टन येथील अतिशीत कोठारात सुरक्षित आहे आणि लोकांनी तिचा फारच थोडा भाग पाहिलेला आहे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी सुमारे ६० लाख फूट फिल्म चाळली आणि जोडीला अंतराळवीरांशी केलेल्या दीर्घ संभाषणांतील आवाज घेतले. निवेदक ठेवला नाही, बोलणाऱ्याचे नाव पडद्यावर दिले नाही, ब्रायन ईनो यांचे संथ, तरंगते संगीत वापरले आणि वेगवेगळ्या मोहिमांतील दृश्ये जोडून जाण्यायेण्याचा एकच प्रवास रचला. चंद्रापर्यंत जाऊन आलेल्या २४ जणांचा अनुभव अशा प्रकारे एका सामूहिक आवाजात ऐकू येतो.

या रचनेवर आक्षेप घेण्यास जागा आहे, कारण एका मोहिमेतील चित्र दुसऱ्या मोहिमेच्या संदर्भात ठेवले की ते पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला कोणती फिल्म कोणत्या दिवसाची हे ठाऊक असणे आवश्यक असते. परंतु रेनर्ट यांचा हेतू घटनाक्रम नोंदवण्याचा नव्हता. पृथ्वी मागे पडताना, वजनरहित अवस्थेत झोपताना आणि परक्या भूमीवर अडखळताना माणसाला काय जाणवते, हे सांगताना त्यांनी मोहिमांच्या सीमा पुसल्या. ऑस्करसाठी नामांकन मिळालेल्या या चित्रपटाने आधीच्या शासकीय अनुबोधपटांतील आकडेवारीची आणि अग्निबाणांच्या स्तुतीची भाषा मागे टाकली, आणि रेनर्ट पुढे ‘अपोलो १३’ या १९९५ च्या कथापटाचे सहलेखक झाले.

२००७ मधील डेव्हिड सिंग्टन यांच्या ‘इन द शॅडो ऑफ द मून’ या माहितीपटाने उलट मार्ग धरला. येथे आवाजाला चेहरा आहे. वयोवृद्ध झालेले दहा अंतराळवीर कॅमेऱ्यासमोर अगदी जवळून बोलतात आणि त्यांच्या आठवणींतील विनोद, भीती व श्रद्धा त्यांच्या सुरकुत्यांसह पडद्यावर येतात. आर्मस्ट्राँग त्यात नाहीत, आणि त्यांची अनुपस्थिती इतरांच्या बोलण्यातूनच भरून निघते. साक्षीदार हयात असेपर्यंतच असा चित्रपट होऊ शकतो. अंतराळवीर यूजीन सर्नन यांच्यावरील २०१४ चा ‘द लास्ट मॅन ऑन द मून’ आणि नियंत्रण कक्षातील अभियंत्यांवरील २०१७ चा ‘मिशन कंट्रोल’ हे माहितीपट ती संधी साधून तयार झाले. सर्नन यांचे २०१७ मध्येच निधन झाले.

सापडलेली फिल्म

अर्धशतकाच्या निमित्ताने २०१९ मध्ये आलेल्या टॉड डग्लस मिलर यांच्या ‘अपोलो ११’ या ९३ मिनिटांच्या माहितीपटाचे श्रेय दिग्दर्शकाइतकेच अभिलेखागाराच्या कर्मचाऱ्यांना द्यावे लागते. मिलर यांच्या चौकशीनंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ६५ मिलिमीटर फिल्मची १६५ रिळे हाती आली, आणि त्यांतील पुष्कळशी ‘मूनवॉक वन’शी संबंधित होती. सर्वसाधारण चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा ही फिल्म जवळजवळ दुप्पट रुंद असल्याने तिच्यावर कितीतरी अधिक तपशील टिकतो. त्यामुळे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उड्डाण पाहायला आलेल्या माणसांचे गॉगल, थर्मास आणि मोटारींचे टप त्या दिवशीच चित्रित झाल्यासारखे दिसतात.

दुसरा शोध आवाजाचा होता. ह्यूस्टनमधील प्रत्येक अभियंत्याचे बोलणे ३० मार्गिकांच्या फितींवर, म्हणजे एकाच फितीवर ३० वेगळे आवाज शेजारीशेजारी उमटवणाऱ्या पद्धतीने, नोंदवले गेले होते आणि टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधकांनी जुने ध्वनियंत्र दुरुस्त करून त्या फिती डिजिटल रूपात आणल्या. नियंत्रण कक्षात चित्रित झालेली १६ मिलिमीटरची फिल्म मात्र मूक होती. मिलर यांच्या चमूतील स्टीव्हन स्लेटर यांनी बोलणाऱ्यांच्या ओठांच्या हालचाली, भिंतीवरची घड्याळे आणि ध्वनिफितींवरील वेळ यांचा मेळ घालून त्या मूक माणसांना त्यांचा स्वतःचा आवाज परत मिळवून दिला. निवेदन आणि नव्या मुलाखती टाळून मिलर यांनी सारी कथा त्या नऊ दिवसांतील चित्रध्वनींवरच सोपवली, आणि मॅट मॉर्टन यांनी संगीतासाठीही १९६९ पर्यंत उपलब्ध असलेलीच वाद्ये वापरली. ‘मूनवॉक वन’कडे १९७० च्या सुमारास पाठ फिरवली गेली होती, त्याच चित्रणाचा शिल्लक भाग ५० वर्षांनी आयमॅक्सच्या भव्य पडद्यावर पाहायला प्रेक्षकांनी तिकिटे काढली. फिल्म तीच राहिली, बदलले ते तिच्याकडे पाहणारे, कारण १९६९ च्या करदात्याला जो खर्च दिसत होता तो त्याच्या नातवंडांना पराक्रम म्हणून वारशाने मिळालेला होता.

संशयाचे माहितीपट

दृश्यांच्या याच विपुलतेतून संशयही जन्मला. माणूस चंद्रावर गेलाच नाही असा दावा करणारे बिल केसिंग यांचे पुस्तक १९७६ मध्ये निघाले, परंतु त्या दाव्याला खरा प्रेक्षकवर्ग मिळाला तो फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील फॉक्स वाहिनीने माहितीपटाच्या घाटाने सादर केलेल्या कार्यक्रमामुळे. त्याआधी १९९९ मध्ये गॅलप संस्थेने केलेल्या पाहणीत सहा टक्के अमेरिकी नागरिकांनी अवतरण बनावट असल्याचे मत दिले होते. आकाशात तारे का नाहीत, ध्वज का फडकतो, अशा या कार्यक्रमातील प्रश्नांची उत्तरे छायाचित्रणाच्या आणि भौतिकीच्या प्राथमिक नियमांत आहेत. उन्हाने उजळलेल्या भूमीसाठी कॅमेऱ्याचा उघडझाप काळ अल्प ठेवला की मंद तारे उमटत नाहीत, आणि ध्वजाच्या वरच्या कडेला आडवी दांडी असून हवेचा विरोध नसल्याने एकदा हललेले कापड अधिक काळ हलत राहते. नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाने २००९ नंतर घेतलेल्या छायाचित्रांत अवतरणस्थळे आणि अंतराळवीरांच्या पायवाटाही दिसतात.

२००२ मध्ये फ्रान्समधील दिग्दर्शक विल्यम कारेल यांनी हेन्री किसिंजर यांच्यासारख्या खऱ्या व्यक्तींच्या मुलाखतींतील वाक्ये संदर्भ तोडून जुळवली, त्यांत नटांचे बोलणे मिसळले आणि चांद्रविजयाचे चित्रण स्टुडिओत झाल्याची एक खोटी कथा माहितीपट म्हणून मांडली. शेवटच्या श्रेयनामावलीत त्यांनी ती लबाडी स्वतःच उघड केली. माहितीपटाचा अधिकार जुळणीतून येतो आणि जुळणी खोटेही बोलू शकते, हा त्यातील धडा होता. त्या चित्रपटाचे तुकडे पुढे शेवटाशिवाय फिरले आणि काहींनी ते पुरावा म्हणून मानले, ही त्या धड्याची अनपेक्षित परिणती ठरली.

भारताचा चंद्र

अपोलो ११ च्या वेळी भारतातील दूरचित्रवाणी दिल्लीपुरती मर्यादित होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुणे जिल्ह्यातील आर्वी येथील उपग्रह भूकेंद्र कार्यान्वित झाले ते १९७१ मध्ये. आर्मस्ट्राँग यांचे पहिले पाऊल पडले तेव्हा भारतात सोमवार, २१ जुलैची सकाळ होती आणि घड्याळात ८ वाजून २६ मिनिटे झाली होती, म्हणून मराठी माणसाचा चांद्रविजय आकाशवाणीच्या बातमीत आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील छायाचित्रात घडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स हे अपोलो ११ चे तिघेही अंतराळवीर जगप्रवासात मुंबईला आले तेव्हा अनेकांना पडद्याआधी माणसे पाहायला मिळाली.

इस्रोची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ ची, म्हणजे अवतरणानंतर महिन्याभराच्या आतली आहे. चंद्रावर माणूस पाठवण्याच्या स्पर्धेत श्रीमंत राष्ट्रांशी बरोबरी करण्याचे स्वप्न भारत पाहत नाही, परंतु प्रगत तंत्रज्ञान समाजाच्या प्रश्नांसाठी वापरण्यात तो मागे राहता कामा नये, अशी विक्रम साराभाई यांची भूमिका होती. १९७५-७६ मध्ये अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा प्रयोग त्याच भूमिकेतून झाला. चंद्र भारताच्या कार्यक्रमात आला तो २००३ मधील स्वातंत्र्यदिनाच्या घोषणेनंतर, आणि २००८ मध्ये चांद्रयान-१ निघाले.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरला आणि इस्रोच्या यूट्यूब प्रक्षेपणाला एकाच वेळी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. या प्रेक्षकांनीही अवतरण पाहिले नाही. त्यांच्यासमोर बेंगळुरू येथील नियंत्रण कक्ष, उंची व वेगाचे आकडे, संगणकाने रेखलेले यान आणि अपेक्षित मार्गावरून सरकणारी एक रेषा होती. खाली येतानाचे चलच्चित्र दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाले. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ च्या वेळी हीच रेषा अपेक्षित मार्गापासून ढळलेली लाखो लोकांनी पाहिली होती, त्यामुळे चार वर्षांनी आलेखावरचा प्रत्येक टप्पा ते जाणकारांप्रमाणे वाचत होते आणि ‘रफ ब्रेकिंग’ म्हणजे यानाचा आडवा वेग इंजिनांनी झपाट्याने कमी करण्याचा टप्पा, हे शाळकरी मुलेही सांगू शकत होती.

या मोहिमेत महाराष्ट्राचा वाटा कारखान्यांतून गेला. ज्या एलव्हीएम-३ अग्निबाणाने चांद्रयान-३ नेले त्याच्या द्रवइंधन टप्प्यातील विकास इंजिने बनवण्यात विक्रोळीच्या गोदरेजचा, तर घनइंधन बूस्टरच्या पोलादी कवचांत इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याचा सहभाग होता. अमेरिकी माहितीपटांनी अंतराळवीरांकडून अभियंत्यांकडे यायला अनेक दशके घेतली. मानवरहित भारतीय मोहिमांत अंतराळवीरच नसल्याने येथील चित्रपटाला पहिल्यापासून जोडारी, वेल्डर, गणिती आणि नियंत्रक यांच्याकडेच वळावे लागेल, आणि त्यांच्या आठवणी मराठी, मल्याळम, कन्नड, तमिळ अशा अनेक भाषांत नोंदवाव्या लागतील.

चांद्रयान-३ च्या उपकरणांनी गोळा केलेली वैज्ञानिक माहिती इस्रोने २०२४ च्या पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी संशोधकांना खुली केली, ही या दृष्टीने महत्त्वाची सुरुवात आहे. नियंत्रण कक्षातील संभाषणे, चाचण्यांचे चित्रण, चांद्रयान-२ च्या अपयशानंतरच्या बैठका आणि कारखान्यांतील कामाची फिल्म यांची गणना मात्र वैज्ञानिक माहितीत होत नाही, आणि अपोलोच्या पुसलेल्या फितींचा अनुभव असा सांगतो की अशा सामग्रीचा नाश कोणाच्या दुष्टाव्याने होत नाही, तर तिची किंमत ठरवण्याचे काम कोणावरच सोपवलेले नसल्याने होतो. ८० लाखांचा प्रेक्षकवर्ग एका संध्याकाळचा असतो. त्या संध्याकाळचा इतिहास पुढच्या पिढीतील एखाद्या दिग्दर्शकाला रचता यावा यासाठी नोंदणी, सूची, जतन आणि खुला प्रवेश ही चार कंटाळवाणी कामे कोणत्या कार्यालयाची, हे मोहिमेचा आराखडा आणि खर्च मंजूर होतानाच ठरवले जायला हवे.